पायावर पाय ठेवून उभा राहिलेला माणूस

मागच्या आठवड्यात फोर्टातल्या कुठल्याशा संस्थेतला एक तरुण आमच्याकडे अल्बम बघायला आला होता. नातीच्या ओळखीतला. मुलगा गुणी होता, खोटं कशाला बोला, चपला बाहेर काढल्यान, पाणी मागून घेतल्यान. पण अल्बमला हात लावायच्या आधी त्याने खिशातून पांढरे हातमोजे काढले आणि माझी हसून मुरकुंडी वळायची बाकी राहिली. अरे बाबा, म्हटलं, हा अल्बम आमच्या घरी सुक्या सोड्यांच्या डब्याला टेकून इतकी वर्षं उभा होता, याच्यावर कढीचे शिंतोडे उडालेत, तू कसले हातमोजे घालतोयस! तो लाजला, पण काढले नाहीत. एकेक पान उलटताना मधला तलम कागद असा उचलायचा की जणू झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण. बोटी बघून तर वेडाच झाला. ही अमक्या धाटणीची, ही कोळशावर चालणारी, हे गोरे अधिकारी आफ्रिकेच्या बंदरात, ही बोट पाण्यात सोडतानाची पूजा. मध्येच नाक जवळ नेऊन म्हणाला, ‘‘आजी, याला वास कसला येतोय?’’ म्हटलं, सुकटीचा. यायचाच.

शेवटच्या पानापर्यंत पोचला तेव्हा त्याची घाई झाली होती. त्या पानावर एकच फोटो आहे, बोटीच्या डेकवर रांगेत उभे केलेले खलाशी आणि पुढे खुर्च्यांवर साहेब. ‘‘हा अलीकडचा दिसतो, विशेष काही नाही,’’ म्हणाला आणि मिटला अल्बम. आता त्याला मी काय सांगणार? सांगायला बसले असते तर पोरगा रात्रीपर्यंत उठला नसता. म्हणून इथे लिहिते आहे.

आमची खोली लालबागला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. खोली कसली, खानावळच ती. आई गिरणीतल्या माणसांना जेवू घालायची. सगळे आमच्याच बाजूचे, मालवण-देवगडकडचे, बायकापोरं गावी आणि हे इथे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. त्यांना आई म्हणजे वैनी. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी माझी झोप भाकऱ्यांच्या थापण्याने उघडायची. अंधारात फक्त चुलीचा उजेड आणि आईचे हात. पहिली पाळी जेवून गेली की रात्रपाळीवाले यायचे डोळे चोळत, अंगाला कापसाची तूस चिकटलेली. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी मासे. सोमवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं, तेव्हा सगळ्यांची तोंडं वाकडी. ‘‘वैनी, निदान सुकट तरी भाजा गो,’’ कोणी म्हणालंच तर आई उलथनं दाखवायची. ‘‘सोमवार आसा. गप गिळा.’’ आणि ते गिरणीतले दांडगे बाप्ये मुकाट गिळायचे. माझं काम भांडी. मोरीत उभी राहून मी ती घासायची, आणि घासताना एक पाय दुसऱ्या पायावर ठेवायची, माझ्या नकळत. आई चुलीपाशी बसल्या जागेवरून ओरडायची, ‘‘पाय खाली ठेव गो!’’ का ओरडते ते मला फार उशिरा कळलं.

माझे वडील बोटीवर खलाशी होते. एका इंग्रजी कंपनीच्या, आफ्रिकेला जाणाऱ्या बोटीवर. ती नोकरी त्यांना माझ्या मामाने लावून दिली होती. मामा त्याच कंपनीत शिपाई, बॅलार्ड इस्टेटच्या हापिसात, खाकी कोट आणि पितळी बिल्ला. मी रांगत होते तेव्हा वडील एका फेरीला गेले आणि परत आली ती फक्त त्यांची पेटी. मोंबासाहून बोट सुटली तेव्हा हजेरीला ते नव्हते म्हणे. बंदरात उतरून राहिले, का कडेवरून पाण्यात पडले, का आणखी काही, कोणालाच ठाऊक नाही. ‘गैरहजर’ एवढंच कंपनीने कळवलं. मामाने ती पेटी स्वतःच्या डोक्यावरून वर आणली. आत एक लुंगी, दाढीचं सामान, आणि माझ्यासाठी घेतलेली लाकडी बाहुली, काळ्या रंगाची, मणी घातलेली. त्या बाहुलीशी मी खेळले नाही. मला ती भीतीदायक वाटायची.

माणूस मेला म्हणून सांगितलं असतं तर रडून मोकळं होता आलं असतं. गैरहजर माणसाचं काय करायचं? आईने ठरवलं की ते येणार. मेण लावून त्यावर रुपयाएवढं कुंकू ती रोज भरायची, करंड्याच्या झाकणातल्या आरशात बघत. आमच्या खोलीत गिरण्यांचे भोंगे ऐकू यायचे तसे गोदीतल्या बोटींचेही यायचे, वारा तिकडून असला की अगदी स्पष्ट. गिरणीचा आवाज चिरका, बोटीचा घोगरा, पोटातून आलेला. बोटीचा भोंगा झाला की आईचे पिठातले हात थांबत. क्षणभरच. मग पुन्हा थप थप सुरू. खानावळीतल्या माणसांनाही ते माहीत झालं होतं. तेवढा वेळ कोणी भाकरी मागत नसे.

आमच्याकडे रीत अशी, की नाहीसा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग तो गेला असं धरून दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला नारळाचं डोकं लावायचं, आणि त्याला अग्नी देऊन सगळी क्रिया करायची. ती बारा वर्षं भरत आली तशी गावाहून काकांची, वडिलांच्या धाकट्या भावाची, पत्रं यायला लागली. काका वाईट माणूस नव्हता हो. भावाचा जीव अधांतरी लटकतोय हे त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याची गाय मेली, मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, मग त्याने ग्रामदेवतेला कौल लावला तर देवाने सांगितलं की घराण्यातला एक जीव वाटेत अडकला आहे. आई पत्र माझ्याकडून वाचून घ्यायची आणि चुलीत घालायची. ‘‘भावजींका सांग लिवन, ते येतले.’’ मी लिहायची. मला तर बाप हवाच होता. शाळेत मुली वडिलांबद्दल बोलायला लागल्या की मी बोटीबद्दल बोलायची, खोटंनाटं, बंदरांची नावं रचून.

आणि नेमक्या त्याच वर्षी मामाच्या कंपनीने मुंबईचं हापिस गुंडाळलं. साहेब लोक कधीच गेले होते, उरलेसुरले होते तेही निघाले. कपाटं, टेबलं, भिंतीवरची घड्याळं लिलावात गेली, कागद रद्दीवाल्याला. मामाच्या डोळ्यांदेखत तो अल्बम रद्दीच्या ढिगावर पडला. लाल कातड्याचा, कडांना सोनेरी वर्ख, दोन हातांत मावणार नाही एवढा. मामाने आयुष्यभर त्याच्यावरची धूळ पुसली होती. त्याला ते बघवलं नाही. त्याने विचारलं, घेऊ का, तर कोणी तरी म्हणालं, घे बाबा. मेणकापडात गुंडाळून तो रविवारी घेऊन आला, पेटी आणली होती तसाच डोक्यावरून.

त्या रविवारी जेवणं होऊनही कोणी उठेना. सगळे अल्बमभोवती. हात धुवून या रे मेल्यांनो, बोटं लागतील, मामाचा एकच धोशा. प्रत्येक बोटीची गोष्ट मामाला पाठ. ही बोट वादळात सापडली होती, ही लढाईत बुडाली, ह्या साहेबाला चहात लिंबू लागायचं. आई कुठे बघत होती! ती पाठ करून मासे साफ करत बसली होती. बोटींनी तिचं जे केलं होतं त्यानंतर बोटी बघायला तिला काय हौस असणार? मामा शेवटच्या पानावर आला आणि म्हणाला, ‘‘हे आपल्याकडचे लोक. बघा कोणी ओळखीचा आहे का.’’ तेवढ्यावर आई उठली. हात पदराला पुसत आली, आमच्या डोक्यांवरून वाकली, आणि तशीच राहिली. तिच्या हातांना बांगड्याचा वास होता आणि एक खवला मनगटावर चिकटला होता, ते मला आजही दिसतं.

‘‘हे ते,’’ आई म्हणाली.

मागच्या रांगेत, उजवीकडून दुसरा. सगळे खलाशी कॅमेऱ्याकडे ताठ बघतायत आणि ह्याने नेमकं फोटोच्या वेळी तोंड फिरवलेलं, त्यामुळे चेहरा पुसट झालाय, नाकडोळे कळत नाहीत. पण समोरच्या माणसाच्या बाजूने त्याचे पाय दिसतात. अनवाणी. डाव्या पायावर उजवा पाय ठेवून उभा आहे. ‘‘तेंची उभ्या रवण्याची खोड माका ठावक आसा,’’ आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, माझ्या पायांकडे. मी उभी होते पायावर पाय ठेवून. काय सांगू, त्या क्षणी मला जे वाटलं ते पुढे लग्नात वाटलं नाही, पोरं झाली तेव्हाही वाटलं नाही. माझ्या बापाने मला काहीतरी दिलं होतं आणि ते मी रोज मोरीत वापरत होते.

मामाने फोटोतलं कठड्याला टांगलेलं, बुडत्याला फेकायचं कडं बघितलं, त्याच्यावर बोटीचं नाव होतं.  ‘‘ताई,’’ म्हणाला, ‘‘ही बोट तर भावोजी गेल्यानंतर कंपनीत आली. हापिसात पेढे वाटले होते. मी खाल्ला नव्हता, तुझी आठवण आली म्हणून.’’ म्हणजे काय? म्हणजे मोंबासाला हजेरीला नसलेला माणूस त्यानंतर ह्या बोटीवर उभा होता. म्हणजे जिवंत होता. कंपनीच्या कागदावर दुसरंच नाव लागलं असेल, मामा म्हणाला. मामा लहान मुलासारखा रडायला लागला. बारा वर्षं तो आमच्याकडे जेवायला आला की मान खाली घालून जेवायचा, नोकरी त्याने लावली म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने वर बघून भात मागितला.

मग काही दिवस आमच्या घरात जे चालू होतं त्याला सण म्हणावं असंच होतं. आईने नव्या हिरव्या बांगड्या भरल्या. सोमवारीसुद्धा माशांच्या दिवशीची सोलकढी केली, माणसं चकित. ती गुणगुणायची. तिला गुणगुणता येतं हे मला माहीतच नव्हतं. अल्बम मांडणीवर सोड्यांच्या डब्याशेजारी उभा केला आणि दुपारी खानावळ थंडावली की ती तो उतरवून शेवटचं पान उघडायची. मी शेजारी. ‘‘अंगान सुकले गो,’’ म्हणायची. पुसट चेहऱ्यात तिला काय दिसायचं देव जाणे. आता लिहिताना माझ्या जिवाला लागतं ते हे, की त्या दिवसांत मी इतकी सुखी होते की आईकडे मी नीट बघितलंच नाही.

आई पत्रांना दाद देईना म्हणून शेवटी काका स्वतः आला, बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून, बरोबर कोकमं आणि फणसाची साटं. जेवला, पान खाल्लं, आणि अल्बम मागितला. बराच वेळ डोळ्यांजवळ धरून बघितलान. ‘‘तापलेल्या लोखंडार सगळेच खलाशी असे उभे रवतत,’’ म्हणाला. ‘‘पाय भाजतत तेंचे. तोंड खय दिसता? माझो भाव हो न्हय.’’ आई म्हणाली, ‘‘माझो घोव माका कळता.’’ ‘‘बारा वर्सां झाली वैनी. ह्या चेडवाचा लगीन उभ्या रवतला तेव्हा बापूस आसा काय नाय म्हणान इचारतले. काय सांगशात? फोटो दाखवशात?’’  खानावळीतली माणसं भिंतीला टेकून मुकाट ऐकत होती, कोणी कोणाची बाजू घ्यायची! माझा जीव तर टांगणीला लागलेला. काका जिंकला तर बाप मेला.

आणि तेव्हा मामा धावून आला. बिचारा! बहिणीची बाजू लावून धरायला म्हणून त्याने भिंग आणलं होतं कुठूनतरी. फोटोच्या कोपऱ्यात भिंग धरून तो ओरडलाच, ‘‘ताई, अगो ही तर आपली गोदी! मागची पत्र्याची शेड बघ. ह्याच शेडीत मी टपाल घेऊन जायचो. अहो काका, हा फोटो मोंबासाचा नाही का फिंबासाचा नाही, मुंबईत काढलाय! भावोजी मुंबईत होते! ही बोट दर दोन-तीन महिन्यांनी मुंबईला लागायची!’’

तो हसत होता. मग त्याच्या लक्षात आलं की दुसरं कोणी हसत नाही.

गोदीतून लालबाग कितीसं लांब? आमच्या खानावळीतले लोक गोदीत काम करणाऱ्या भावाला भेटायला जेवून चालत जायचे आणि पाळी सुरू व्हायच्या आत परत यायचे. आई चुलीपाशी बसली होती. तिचे हात परातीत होते, थांबलेले, बोटीचा भोंगा झाल्यावर थांबत तसे; पण या वेळी ते पुन्हा हलले नाहीत. पहिल्यांदा काका बोलला, आणि अगदी मऊ आवाजात बोलला, त्यालाही आईची दया आली असावी. ‘‘वैनी, मुंबैत असतो तर घराक इलो नसतो? तुमका टाकून रवणारो तो न्हय. म्हणजे हो तो न्हयच.’’ सगळ्यांना ते पटलं. मामालाही. त्याने भिंग खिशात घातलं आणि मान पुन्हा खाली गेली ती कायमची. मलाही पटलं. रडू फुटलं, मी मोरीत जाऊन भांडी आपटली, पण पटलं. एवढा सोपा हिशेब होता, तो असता तर आला असता.

दुसऱ्या दिवशी काकाने भटजींना घरी बोलावून आणलं. ठाकुरद्वारकडचे, गोरेगोमटे, पोट सुटलेले, गप्पिष्ट. पाटावर बसून ते साहित्य सांगत होते आणि आई सुपात तांदूळ निवडत होती. मध्येच तिने विचारलं, ‘‘भटजीबुवा, ह्या सगळ्या केल्यार आणि माणूस परत इलो तर?’’ काकाने कपाळाला हात लावला. भटजी मात्र खुशीत आले, त्यांना असला प्रश्न कोणी विचारत नसावं. ‘‘त्याचीही सोय आहे बरं का! तो माणूस मेलेला, म्हणजे त्याला नव्याने जन्माला घालायचा. तुपाच्या घागरीतून काढल्यासारखं करून न्हाऊ घालायचं. मग जातकर्म, बारसं, सगळं ओळीने. आणि शेवटी त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं.’’ खानावळीतला एक जण फिस्सकन हसला.

‘‘पुन्ना लगीन?’’ आई म्हणाली.

‘‘तर! जुनं बंधन सुटलं ना.’’

‘‘आणि बायकोन नाय म्हटल्यान तर?’’

भटजी हसले. ‘‘असं कोण म्हणेल बाई?’’

आईने सुपातला एक खडा उचलला, मोरीकडे फेकला. ‘‘बरो दिस कधी आसा तो बघा,’’ ती काकाला म्हणाली, ‘‘आणि करून टाका.’’ काका तिच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिला. मला मात्र तिचा असा राग आला की विचारू नका. काल-परवापर्यंत बांगड्या भरत होती, आणि आज एका शेडीच्या पत्र्यावरून माझ्या बापाला मारून मोकळी!

बाणगंगेला आम्ही गेलो. बायका जात नाहीत, पण आई आली आणि मीही. तलावाच्या पायऱ्यांवर भटजींनी पुतळा केला. पळसाची पानं दर्भाने बांधून हात, पाय, छाती, आणि वर शेंडीसकट नारळ. मी त्याचे पाय बघत होते. सरळ होते, शेजारी शेजारी. हे माझे वडील नाहीत, मला वाटलं, यांना उभंसुद्धा राहता येत नाही नीट. आईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं म्हणून चाळीतली एक विधवा म्हातारी बरोबर घेतली होती. पण तिला काही करावंच लागलं नाही. निघायच्या आधी सकाळीच आईने मोरीत बसून, हातावर खोबरेल घेऊन, कपाळावरचं मेण हळूहळू सोडवलं होतं. मेणावरचं कुंकू पाण्याने जात नाही. समईची वात काढल्यावर समई पुसतात तसं तिने कपाळ पुसलं, पदराने कोरडं केलं. बांगड्या फोडल्या नाहीत, साबण लावून उतरवल्या आणि डब्यात ठेवल्या. ‘‘कुसूक होतील,’’ म्हणाली. कुसू म्हणजे मी. तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. मी ते तिच्या दगडपणाच्या खात्यावर मांडलं.

सुतकात खानावळ बंद. तेरावं झालं, जेवणं झाली, आणि जायच्या आदल्या दिवशी काकाने भिंतीत खिळा ठोकला. गेलेल्या माणसाचा फोटो नको का घरात, हार घालायला? लग्नातही फोटो काढला नव्हता आमच्याकडे. मग काकाने, ज्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की हा माझा भाऊ नव्हे, त्याने तो अल्बम उतरवला, शेवटचं पान उघडलं, आणि मामाला म्हणाला, ‘‘हो इतकोच कापून घे, लालबागेच्या स्टुडिओत मोठो करून मिळता.’’ मला हसावं की रडावं कळेना! पंधरवड्यापूर्वी तो नव्हता. आता मेल्यावर तोच होता. काकाला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं, त्याच्या मनाने भावाला सद्गती मिळाली होती आणि सद्गती मिळालेल्याला चेहरा हवा. मामाने कात्रीही शोधली. आईने अल्बम त्याच्या हातातून काढून घेतला.

‘‘हो तो न्हय,’’ आई म्हणाली.

‘‘वैनी, तुमीच तर म्हणालात—’’

‘‘हो तो न्हय. परक्या माणसाक हार घालू नको.’’ आणि अल्बम सोड्यांच्या डब्याशेजारी गेला. खिळा तसाच राहिला. पुढे त्यावर आईने झारा अडकवला. माझ्या बापाच्या खिळ्यावर वडे तळायचा झारा!

माझं लग्न वेळेवर झालं. मुलाकडच्यांनी विचारलं, वडील? ‘‘बोटीवर होते, वारले,’’ काकाने सांगितलं, आणि त्यांनी ‘अरेरे’ म्हटलं आणि विषय संपला. कन्यादान काकाने केलं. आई मागे खांबाआड उभी, कोऱ्या कपाळाची. दर सर्वपित्री अमावास्येला मी वडिलांचं पान वाढायची, मला भाऊ नाही म्हणून. खीर, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी. आई आमच्याकडे राहायला आल्यावर सगळं तीच रांधायची, पण पान वाढायला कधी उठली नाही. ‘‘तूच वाढ,’’ म्हणायची. मी ते पान गॅलरीच्या कठड्यावर ठेवायची, हात जोडायची, मनातल्या मनात बंदरांची नावं घेऊन त्यांना हाका मारायची. कावळा शिवला की मला बरं वाटायचं. बाप जेवला. किती वर्षं हे चाललं! माझ्या मुलांची लग्नं झाली, गिरण्या बंद पडल्या, लालबागची चाळ पाडली, त्याच जागेवर हा मनोरा उभा राहिला आणि आईच्या खोलीच्या बदल्यात आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर आलो. इथे खिडकीतून गोदी दिसते.  इतकी जवळ! हात लांब केला तर क्रेन लागेल.

आईही इथे राहिली वर्षभर. शेवटी शेवटी तिची खाट खिडकीशी होती. अशाच एका सर्वपित्रीला मी पान वाढून घेऊन निघाले तर ती म्हणाली, ‘‘ठेव ता खाली.’’ मला वाटलं, तिला काही हवंय.

‘‘कोणाचा पान?’’

‘‘बाबांचं, आये.’’

‘‘तो जेवता आसात खय तरी. नायतर जेवून गेलो आसात. हय कित्याक येतलो?’’ तिने खिडकीकडे बघितलं. ‘‘तोच होतो गो तो. फोटोत. म्हणान तर कुकू पुसलंय.’’

मी पान हातात घेऊन उभी. खीर एका कडेने ओघळून माझ्या मनगटावर आली. इतकी वर्षं, म्हटलं, इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस? मी ओरडले असेन, कारण सून आतून धावत आली. मला भयंकर राग आला होता. मरायला टेकलेल्या बाईचा राग आला म्हणून लाज वाटत होती आणि तरीही येतच होता. मी जिवंत माणसाची पिंडं पाडली, आये! तो इथे खाली, त्या क्रेनच्या तिथे उभा राहिला, चेहरा फिरवून, आणि तू मला कावळ्यांच्या मागे लावलंस!

आई शांत होती. तिचा आवाज भाकरी वाढताना असायचा तसाच होता.

‘‘तुका बापूस होयो होतो,’’ म्हणाली. ‘‘मेलेलो बापूस घराक येणा नाय, आणि तेचो कोणाक राग येणा नाय.’’

 मी पान खाली ठेवलं आणि मनगटावरची खीर पुसली. मग आई म्हणाली, ‘‘पाय खाली ठेव गो,’’ आणि मी ठेवला. त्या हिवाळ्यात ती गेली. आता सर्वपित्रीला मी एकच पान वाढते, आईचं, त्यात सोमवार असला तरी सोलकढी असते. वडिलांचं पान तिकडे कुठे कोणी वाढत असेल तर वाढो.

नात म्हणते, आजी, हल्ली फोनवर पुसट चेहरा स्वच्छ करता येतो, बघायचंय? मुलगा सोमवारी येणार आहे, हातमोजे घालून, अल्बम घेऊन जायला. मी तिला नको म्हटलं. अल्बम मी त्याला सगळाच्या सगळा देणार आहे, शेवटच्या पानासकट. आमच्या घरात तो पुष्कळ राहिला.